स्तन पुन्हा घडवायचा, तो कधी?

घरात रेडिओ चालू आहे म्हणून नुसतं कानावर पडतंय अशा दादांनो आणि काकांनो, बायकांचा विषय आहे म्हणून उठून जाऊ नका. पुढे तुमचंही काम निघणार आहे.

मागे आपण स्तनातल्या गाठीबद्दल बोललो होतो. त्यानंतर जे फोन आले, त्यातले बरेचसे गाठीचे नव्हतेच, त्याच्या पुढचे होते. जिंतूरकडून एका मुलीचा फोन आला. आईला स्तनाचा कॅन्सर निघालाय, मुंबईला ऑपरेशन सांगितलंय, एक बाजू पूर्ण काढावी लागेल म्हणतात. मुलीनं तीन गोष्टी विचारल्या. काढलेला स्तन पुन्हा करता येतो हे खरं का? येत असेल तर त्याच वेळी करायचा की नंतर? आणि असं काही विचारलं तर डॉक्टर हसतील का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. हसणार नाहीत. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात या कामाचा वेगळा विभाग आहे, प्लास्टिक सर्जन आहेत, आणि हेच प्रश्न ते रोज ऐकतात. आपल्याला मात्र ते तोंडातून काढायला जड जातं. जीव वाचतोय हेच खूप, वर आणखी छातीचं काय घेऊन बसलीस, असं घरातलंच कुणीतरी म्हणतं आणि बाई गप्प होते. अमेरिकेत १९९८ साली यासाठी कायदा झाला. जी विमा कंपनी स्तन काढण्याच्या ऑपरेशनचे पैसे देते, तिनं तो पुन्हा घडवण्याचेही द्यायचे. म्हणजे तिथं हा नटण्यामुरडण्याचा खर्च धरला नाही, उपचाराचाच भाग धरला. आमचंही मत तेच आहे.

आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये आता स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात भारतात साधारण १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. म्हणजे हा प्रश्न कुणा एका जिंतूरच्या मुलीचा नाही. सेलू, मानवत, पालम, सोनपेठ, कुठंही विचारा, नात्यात नाहीतर गल्लीत एक तरी बाई निघते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पण त्याच्याही आधी एक प्रश्न आहे, तो राहून जातो. पूर्ण स्तन काढायलाच हवा का? गाठ लहान असेल, किंवा आधी केमो देऊन लहान करता आली, तर पुष्कळदा नुसती गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून भागतं. मग त्यावर किरणोपचार घ्यावे लागतात, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. इटलीत मिलानला आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात याचे मोठे अभ्यास सुरू झाले. २० वर्षं बायकांच्या मागे राहून २००२ साली त्यांचे निकाल छापून आले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि नुसती गाठ काढून शेक घेतलेल्या, दोघी सारख्याच जगल्या. तरी आपल्याकडच्या कितीतरी बायका पूर्ण काढा म्हणून मोकळ्या होतात. कारण शेक रोज घ्यायचा असतो, काही आठवडे. रोज गावाकडून कोण नेणार, परगावी खोली कोण घेऊन देणार, घरी म्हशी कोण बघणार? हे कारण खोटं नाही. पण ते अंतराचं कारण आहे, आजाराचं नाही, हे बाईला समजलं पाहिजे. आणि आजार पुढे गेलेला असेल तर पूर्ण स्तन काढूनही शेक घ्यावा लागतोच. मग तो हिशोबही चुकतो.

समजा, पूर्ण काढणं भागच आहे. मग पुन्हा घडवायचा कसा? ढोबळमानानं दोन वाटा. एक, छातीच्या स्नायूखाली किंवा कातडीखाली सिलिकॉनची पिशवी बसवायची. तिला इम्प्लांट म्हणतात. दुसरी, आपल्याच अंगाचं मांस-कातडी वापरायची, पाठीचं नाहीतर ओटीपोटाचं. दोन्ही वाटांनी आकार येतो. पूर्वीची जाणीव बहुतेक येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अंगावर पाजता येत नाही. बोंडी नंतर छोट्या ऑपरेशननं किंवा गोंदवून करतात. पिशवी जन्मभराची नसते, काही वर्षांनी बदलावी लागू शकते. आणि यानं कॅन्सर परत येतो किंवा आलेला लपून राहतो ही भीती घालवा. तसं आढळलेलं नाही.

आता वेळेचं. लगेच करायचं म्हणजे त्याच ऑपरेशनमध्ये. स्तन काढणारे डॉक्टर आपलं काम करतात आणि तिथंच प्लास्टिक सर्जन पुढचं काम हातात घेतात. भूल एकदाच, दवाखान्यातली मोठी फेरी एकदाच. सगळ्यात मोठा फायदा कातडीचा. आधीपासून ठरलेलं असेल तर वरची कातडी शक्य तेवढी राखून आतला भाग काढतात, त्यामुळे आकार अधिक नैसर्गिक येतो. आणि बाई शुद्धीवर येते तेव्हा छाती सपाट नसते. याचं मोल पुरुषांना सांगून कळेलच असं नाही. पण रेडिओ ऐकणाऱ्या कितीतरी जणींनी पट्टी सोडायच्या दिवशी मान फिरवली असेल, त्यांना कळेल.

मग सगळ्यांनीच लगेच का करू नये? कारण ऑपरेशन लांबतं, जखमा जास्त, आणि जखम चिघळली तर पुढचा केमो लांबणीवर पडू शकतो. केमो वेळेत सुरू होणं हे छातीच्या आकाराच्या आधी येतं, इथं दुमत नाही. दुसरं कारण शेक. शेक लागला की पिशवीभोवतीचं आवरण आवळून घट्ट होण्याचा धोका वाढतो. छाती दगडासारखी कडक होते, दुखते, कधी पिशवी काढावी लागते. पोटाचं मांस लावलं असेल तर तेही आकसू शकतं. आपल्याकडे बायका उशिरा दाखवतात, गाठ मोठी होऊन दाखवतात, म्हणून शेक लागणाऱ्याही जास्त. मग डॉक्टर म्हणतात, मावशी, आधी सगळा उपचार होऊ द्या, पुढचं नंतर बघू. त्यात टाळाटाळ असतेच असं नाही.

नंतर म्हणजे कधी? शेक संपल्यावर कातडी निवायला साधारण सहा महिने ते वर्ष देतात. शेक लागला नसेल तर केमो संपून अंगात ताकद आली की करता येतं. आणि हे नीट ऐका, कारण गैरसमज इथंच फार आहे. नंतरच्याला शेवटची तारीख नसते. पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही करतात. आता उशीर झाला, असं कुणी घरबसल्या ठरवून टाकू नये.

या दोहोंच्या मधलीही एक वाट आहे. स्तन काढताना आत एक रिकामी पिशवी ठेवतात, हळूहळू मिठाचं पाणी भरून ती फुगवतात, कातडीची जागा राखून ठेवतात. तपासणीचे सगळे रिपोर्ट आले, शेक लागणार की नाही ते ठरलं, की पुढचं पक्कं करतात. यात फेऱ्या जास्त. पालमहून मुंबईला दर दोन-तीन आठवड्यांनी जायचं म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

लगेच केलेल्या बायका जास्त सुखी की नंतर केलेल्या? हा प्रश्न जगभर विचारला गेलाय, आणि उत्तर आपल्याला वाटतं तितकं सरळ आलेलं नाही. चिठ्ठी टाकून बायकांचे दोन गट करायचे आणि तुलना करायची, असा पक्का अभ्यास २०११ साली तज्ज्ञांनी जगभरातून शोधला. त्यांना एकच सापडला. तो स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरातला होता, १९८३ साली छापलेला, ६४ बायकांचा. तीन महिन्यांनी पाहिलं तर लगेच केलेल्यांमध्ये मनाचा त्रास कमी होता. पण एवढ्याशा आणि इतक्या जुन्या अभ्यासावर पैज लावू नका, असं त्या तज्ज्ञांनीच म्हटलं. पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांनी मिळून मोठा अभ्यास केला. २०१८ साली त्यातून निघालं की घडवून दोन वर्षं झाल्यावर दोन्हीकडच्या बायकांचं समाधान जवळपास सारखं होतं, आणि ऑपरेशननंतरच्या अडचणी मात्र लगेच केलेल्यांमध्ये जास्त होत्या.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. थांबलेली बाई शेवटी तिथंच पोचते. फरक मधल्या दिवसांचा आहे. ते वर्ष-दोन वर्षं ती आरशासमोर कशी उभी राहते, नदीवर नाहीतर हौदावर अंघोळ कशी करते, लग्नाला जाताना ब्लाऊज कसा घालते, नवऱ्याशेजारी झोपते की पोरांजवळ जाऊन झोपते. डॉक्टर लोक याला जगण्याचा दर्जा म्हणतात आणि त्याचीही मोजणी करतात. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी युरोपातली अशी एक प्रश्नावली मराठीत आणि हिंदीत आणून स्तनाच्या ऑपरेशनच्या बायकांवर तपासून पाहिली, २००५ साली ते काम छापलं गेलं. म्हणजे आपल्या भाषेत हे प्रश्न विचारून वीस वर्षं झाली. घरात अजून कुणी विचारत नाही.

अशा प्रश्नावल्यांत एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे आपली कामं. ती आपणच सांगायची.

पाठीचं मांस घ्यायचं म्हणजे पाठीचा एक रुंद स्नायू फिरवून पुढे आणतात. घरातली साधी कामं पुढे जमतात. पण जी बाई रोज विहिरीतून पाणी शेंदते, डोक्यावर वैरणीचा भारा घेते, कापसाचं गाठोडं उचलून टाकते, तिला त्या बाजूच्या खांद्याची ओढण्याची ताकद कमी झालेली जाणवू शकते. ओटीपोटाचं घेतलं तर एका पद्धतीत पोटाचा स्नायूही जातो. पोटाची भिंत सैल पडू शकते, हर्निया होऊ शकतो. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईनं हे आधी ऐकलं पाहिजे. स्नायू न घेता नुसती कातडी-चरबी घ्यायची पद्धतही आहे, पण तिच्यात बारीक रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात, तासन्‌तास चालतं, आणि ते मोठ्या ठिकाणीच होतं. आणखी एक. आपल्याकडे कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या बायका थोड्या नाहीत. पोटावर आधीचे टाके असतील, सिझेरियनचे, गर्भपिशवीचे, कुटुंबनियोजनाचे, तर ते दाखवा. जुन्या व्रणांमुळे पोटाचं मांस वापरण्याचा बेत बदलू शकतो.

तुम्ही काय काम करता असं डॉक्टरांनी विचारलं की आपण म्हणतो, काही नाही, घरीच असते. असं म्हणू नका. डॉक्टरसाहेब, मी दिवसाला इतका कापूस वेचते, माझी दोन एकर कोरडवाहू आहे, माणूस लावणं परवडत नाही, असं सांगा. कोणती पद्धत आणि कोणता महिना, हे त्यावर ठरू द्या. कॅन्सरचं ऑपरेशन सोयाबीन काढणीसाठी थांबवायचं नाही, एक दिवसही नाही. पण नंतर घडवण्याचं ऑपरेशन थांबवता येतं. ते उन्हाळ्यात, काम कमी असताना, मुलांना सुट्टी असताना ठेवा असं हक्कानं म्हणता येतं. पुढे काही आठवडे वजन उचलायचं नसतं, तेवढा हिशोब धरून. उशिरा करण्याचा हा फायदा मोठ्या पुस्तकांत सापडणार नाही.

काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर तो हात सुजू शकतो, स्तन घडवा किंवा नका घडवू. कापूस वेचताना बोंडाच्या टोकानं ओरखडे येतात, त्यातून हात पिकतो, म्हणून लांब बाहीचा शर्ट आणि हातमोजे घाला.

आणि मिश्री. आम्ही दर कार्यक्रमात हिच्यावर घसरतो असं तुम्ही म्हणाल. पण इथं तिचं थेट काम आहे. तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. हलवून लावलेल्या मांसाला रक्तच पोचलं नाही तर ते काळं पडतं आणि सगळी मेहनत वाया जाते. दातांना लावलेली मिश्री, नाकात ओढलेली तपकीर, दाढेत धरलेला तंबाखू, सगळं त्यात आलं. निदान महिनाभर आधी बंद करा, आणि लावत असाल तर लपवू नका. साखरेचा आजार असेल तर तोही आटोक्यात हवा.

गंगाखेडच्या एका काकूंचा फोन होता. वय बावन्न, तीन वर्षांपूर्वी एक बाजू काढली. म्हणाल्या, "बाई, मालक जाऊन आठ वर्षं झाली. आता मला हे करून कुणाला दाखवायचंय? पण पदर सरकला की माझं मलाच कसंतरी होतं." काकू, उत्तर तुमच्या दुसऱ्या वाक्यातच आहे. मालक असोत नसोत, अंग तुमचं आहे. बावन्न हे वय या ऑपरेशनला अडचणीचं नाही. तब्येत, शुगर, बीपी बघून डॉक्टर सांगतील.

दुसऱ्या बाजूनंही बोललं पाहिजे. पुष्कळ बायका काहीच घडवत नाहीत आणि छान जगतात. एकदा कापलं तेवढं पुरे, आता अंगाला सुरी नको, असं म्हणणारी बाई मागासलेली नाही. तिच्यासाठी बाहेरून लावायचा कृत्रिम स्तन असतो, सिलिकॉनचा किंवा कापडी, खास खिशाच्या ब्रामध्ये बसणारा. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात बायका घरीच कापूस भरून करतात. पण नुसता कापूस हलका पडतो, ब्लाऊज त्या बाजूनं वर सरकतो. आत मोहरीची छोटी पुरचुंडी शिवून टाकली की वजन येतं. दुसऱ्या बाजूच्या वजनाच्या अंदाजानं करा, पाठ-मानेचं दुखणंही त्यानं कमी होतं. जखम पूर्ण भरल्यावरच वापरा, मऊ सुती कापड घ्या, आणि मोहरी अधूनमधून बदला, घामानं खराब होते. नंतर घडवायचं म्हणून थांबलेल्या बायकांनाही मधल्या काळात हे कामाचं आहे.

आता दादांकडे वळतो. हा निर्णय बहुतेक घरांत पोरगा नाहीतर नवरा डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा राहून अर्ध्या मिनिटात घेतो. "काही नको साहेब, फक्त जीव वाचवा." प्रेमानंच म्हणतो. पण त्या अर्ध्या मिनिटात बाईला न विचारता एक वाट बंद होते, कातडी राखून करण्याची. नंतर घडवता येतं, पण राखली नाही ती कातडी परत येत नाही. म्हणून निदान एवढं करा. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तिला प्लास्टिक सर्जनशी एकदा बोलू द्या, आणि तुम्ही शेजारी बसून ऐका. मग ती लगेच म्हणो, नंतर म्हणो, की नको म्हणो.

जिथं ऑपरेशन ठरेल तिथं, मग ते छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय असो, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल असो की मुंबईचं टाटा, डॉक्टरांना विचारायचं ते असं: मला शेक लागण्याची शक्यता किती? कातडी राखता येईल का? इथं प्लास्टिक सर्जन आहेत का, नसतील तर कुठं पाठवाल? लगेच केलं आणि जखम चिघळली तर माझा केमो किती लांबेल? वहीच्या पानावर लिहून न्या. खोलीत गेलं की आठवत नाही, सगळ्यांचंच तसं होतं.

पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि शेक येतात. स्तन घडवण्याचं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला वेगळं, नाव घेऊन विचारा, आणि तेही भरती होण्याआधी. योजनेचा फोन नंबर १५५३८८. परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसनं निघालं की सकाळी दादर येतं, तिथून टाटा हॉस्पिटल जवळ आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच फेरीत मागून घ्या. राहायला दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. तिथं गर्दी असते, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करा.

पुढच्या वेळी सुजलेल्या हाताचे व्यायाम घेऊ. एक टॉवेल आणि एक भिंत लागेल.